अडकलेली आरसी बोट: जाणं जमलं, येणं अडलं

हे प्रकरण कुठल्या एका तलावाचं किंवा एका माणसाचं नाही. रिमोटवर चालणाऱ्या बोटींच्या छंदात जे वरचेवर घडतं, ते एका दुपारीत बसवून मांडलं आहे, म्हणजे त्यातला एकेक निर्णय निवांतपणे तपासता येईल. माणसांना नावं दिलेली नाहीत. ज्यांची बोट ते चालक, त्यांच्यासोबत आलेला एक तरुण, आणि काठावर स्वतःच्या बोटी घेऊन बसलेले आणखी दोघे.

प्रसंग

थंडी नुकतीच सरलेली. हवा 24 अंशांवर, ऊन चांगलं, अंगात पातळ शर्ट. पाणी मात्र 13 अंशांवरच होतं. साठलेलं पाणी हवेच्या मागून फार सावकाश तापतं. त्यामुळे वर्षातल्या ज्या दिवसांत काठावर बसायला सर्वात छान वाटतं, त्याच दिवसांत पाणी सर्वात फसवं असतं.

तलाव साधारण 150 मीटर रुंद. अलीकडच्या काठाजवळ पाणी स्वच्छ, मधल्या भागात पाणवनस्पतींचा पट्टा, पलीकडे लव्हाळी आणि चिखल. वारा चालकांच्या पाठीमागून पलीकडे वाहत होता, ताशी 15 किलोमीटरच्या आसपास. बोट 80 सेंटीमीटर लांबीची, वेगाची, ब्रशलेस मोटर, 4 सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, धार लावलेला धातूचा प्रोपेलर.

बोट काठापासून 60 मीटरवर असताना मोटरचा आवाज जड झाला आणि बंद पडला. वनस्पतीचा तुटका झुपका प्रोपेलरला गुंडाळला गेला होता. मोटर अडली, करंट वाढला, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) तापला आणि त्यानं पुरवठा तोडला. बोट सरळ तरंगत होती. झाकणावरची टेप शाबूत होती, आत पाणी शिरलेलं नव्हतं. म्हणजे ती बुडणार नव्हती. हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहितो, कारण त्या क्षणी ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

चालकांनी रिमोट तरुणाच्या हातात दिला, बूट काढले आणि म्हणाले, "आलोच दोन मिनिटांत." जीन्स अंगातच होती. ते नियमित पोहणारे, तरणतलावात सलग बऱ्याच फेऱ्या मारणारे. काठावरच्या कुणालाही अडवावंसं वाटलं नाही.

काठाजवळ तळ दिसत होता, म्हणून चालत बरंच आत जाता येईल असा त्यांचा अंदाज. पाण्यात प्रकाश वळतो, त्यामुळे सरळ वरून पाहिलं तरी खोली खऱ्याच्या तीनचतुर्थांशच भासते. 2 मीटर खोल पाणी दीड मीटरचं वाटतं. काठावरून तिरपं पाहिलं तर त्याहूनही उथळ. दुसऱ्या पावलाला पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतला, पुढच्याला तळच नव्हता. छातीपर्यंत एकदम पाणी. तोंडातून "हाऽ" असा मोठा आवाज निघाला आणि श्वास धापा टाकल्यासारखा चालू झाला. काठावर कुणीतरी हसलं. सावकाश अंग भिजवत उतरले असते तर तो झटका बराच कमी बसला असता.

मिनिटाभरात श्वास थोडा ताळ्यावर आला आणि ते पोहू लागले. वारा पाठीवर, लाटा पाठीवर, त्यामुळे अंतर भराभर कापलं गेलं. पण बोटही वाऱ्यावर सरकत होती. सेकंदाला 10 सेंटीमीटर हा वेग डोळ्याला जाणवतही नाही. मिनिटाला तेच 6 मीटर होतात. बूट काढण्यापासून बोटीला हात लागेपर्यंत साडेतीन मिनिटं गेली आणि 60 मीटरवरची बोट 80 मीटरवर पोहोचली होती.

मागचा भाग धरून त्यांनी बोट उलटी करायला घेतली. त्याच वेळी काठावर तरुणाला वाटलं, आपण थोडं थ्रॉटल दिलं तर गुंडाळा सुटेल. त्यानं ट्रिगर ओढला. तोवर ईएससी थंड झाला होता. प्रोपेलर अर्धाच फेरा फिरला, तेवढ्यात चालकांची दोन बोटं कापली गेली.

आता परतीचा प्रवास. एका हातात जवळजवळ 2 किलोची बोट, त्या हाताची बोटं रक्ताळलेली, समोरून वारा, आणि प्रत्येक छोटी लाट थेट तोंडावर. पायांना वनस्पती अडकत होत्या. पंधरा-वीस मीटर आल्यावर त्यांनी एक घोट पाणी आत घेतलं, खोकला लागला आणि अंग आडवं होतं ते उभं झालं.

काठावरच्या दोघांपैकी एकानं ते पाहिलं. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात बाजूला पसरून पाणी दाबणारे, आणि आवाज नाही. दुसरा शर्ट काढून पाण्यात शिरायला निघाला होता, त्याला याने दंडाला धरून थांबवलं. मग तोंडाशी हात धरून तो ओरडला, "काका, बोट सोडा! बोट सोडा! पाठीवर व्हा!"

दोन-तीनदा ओरडल्यावर बोट सुटली. चालक पाठीवर आले. कान पाण्यात, हनुवटी वर. थोड्या वेळानं हात हलवून त्यांनी खूण केली.

काठावरून तोच पुन्हा ओरडला, "इकडे येऊ नका, वाऱ्याबरोबर तिकडे जा! आम्ही येतो!"

तिघे काठाकाठानं पलीकडे धावले. एकानं वाटेतच आपत्कालीन क्रमांकावर फोन लावला, दुसऱ्यानं गाडीतली दोरी आणि बोट ओढायचा लांब बांबू घेतला. चालक पाठीवर पडून फक्त पाय हलवत वाऱ्याबरोबर सरकत होते. लव्हाळ्यांपासून दहा-बारा मीटरवर आले तेव्हा दोरी फेकली, ती दुसऱ्या फेकीत त्यांच्या छातीवर पडली. दोरी ओढणारा आधी पालथा झोपला आणि मगच ओढू लागला. चिखलातले शेवटचे दोन मीटर बांबू धरून पार झाले.

ओले कपडे काढून कोरडे घातले, जखम स्वच्छ धुऊन दाबून बांधली. थरथर बराच वेळ थांबली नाही. खोकला चालू होता, म्हणून आलेल्या रुग्णवाहिकेतून दवाखान्यात नेलं. हे बरोबरच झालं. फुप्फुसात थोडंसं पाणी गेलं तरी त्रास काही तासांनी वाढू शकतो. बुडता बुडता वाचलेला माणूस खोकत असेल, धाप लागत असेल किंवा पेंगत असेल, तर "आता बरं वाटतंय" यावर विसंबू नये.

अर्ध्या तासानं बोट आपण होऊन त्याच लव्हाळ्यांत येऊन टेकली आणि त्याच बांबूनं ओढून काढली.

चूक नेमकी कुठे

या प्रसंगाची चर्चा झाली की बहुतेक जण थंड पाण्याला दोष देतात. ते खरं आहे, पण अर्धं. माझं मत असं, की निर्णय चुकला तो परतीचा विचारच न झाल्यामुळे. बोटीपर्यंत जाता येईल का, एवढाच प्रश्न मनात आला आणि त्याचं उत्तर 'हो' होतं. ते खरोखर पोहोचलेही. बोट हातात घेऊन, उलट्या वाऱ्यात, दमलेल्या दंडांनी परत येता येईल का, हा वेगळाच प्रश्न होता. त्याचं उत्तर काठावरूनही 'नाही' असंच निघालं असतं.

बंद पडलेली बोट जवळजवळ नेहमीच वारा जिकडे जातो तिकडे निघून जाते. म्हणजे तिच्या मागे पोहणारा माणूस जाताना वाऱ्याबरोबर आणि येताना वाऱ्याविरुद्ध असतो. सोपा भाग आधी येतो, अवघड भाग दमल्यावर. शिवाय जाताना दोन हात मोकळे, येताना एकच. पोहण्यातलं कौशल्य दोन्ही हातांचं असतं, हे तरणतलावात कधी तपासलंच जात नाही.

तरणतलावातल्या सवयीचा आणखी एक तोटा आहे. तिथे पंचवीस मीटरवर भिंत असते, धरायला कठडा असतो, पाणी कोमट असतं. "मी चांगला पोहतो" हे वाक्य त्या सगळ्यासकट खरं असतं.

थंडीनं काय केलं

15 अंशांखालच्या पाण्यात अंग एकदम बुडलं की कातडीला बसलेल्या झटक्यानं एक मोठा श्वास आपोआप आत ओढला जातो आणि पुढे धापा लागतात. त्या पहिल्या श्वासाच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर एवढ्यावरच सगळं संपू शकतं. हृदयावरही ताण येतो. ही लाट पहिल्या मिनिटात सर्वात जोरात असते आणि साधारण दोन-तीन मिनिटांत ओसरते.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी यासाठी 1-10-1 असा लक्षात ठेवायला सोपा हिशोब रूढ केला. 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि थंडीनं शुद्ध हरपायला 1 तास. आकडे गोठायला आलेल्या पाण्यासाठीचे आहेत. 13 अंशांत मधली दहा मिनिटं थोडी लांबतात, पहिल्या मिनिटाला मात्र फारशी सवलत मिळत नाही. या हिशोबातली खोच मधल्या आकड्यात आहे. थंडीनं माणूस गारठून मरतो असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी दंड आणि बोटं काम करेनाशी होतात, आणि लाइफ जॅकेट नसलेला माणूस तेव्हाच बुडतो. आपल्या चालकांना परत फिरायला साधारण पाच मिनिटं झाली होती. दंडांतली ताकद कमी होत चालली होती, हे त्यांना नंतर सांगता आलं. पाण्यात असताना त्यांना फक्त "वारा वाढलाय" असं वाटलं होतं.

जीन्सनं खाली ओढलं, असं एक जण म्हणाला. तसं होत नाही. भिजलेलं कापड पाण्यात जवळजवळ वजनहीन असतं. ते पायांच्या हालचालीला अडवतं आणि बाहेर पडताना अंगावर ओझं होतं. उलट स्थिर तरंगायचं असेल तर कपडे अंगाजवळचं पाणी धरून ठेवतात, थोडी ऊब टिकते. म्हणून चुकून पाण्यात पडलेल्यानं कपडे काढण्यात शक्ती घालवू नये.

काठावरच्यांनी काय वाचवलं

ज्याने आवाज न येणारं बुडणं ओळखलं, त्याला या प्रसंगात पूर्ण गुण द्यायला हवेत. खरोखर बुडणारा माणूस हात हलवत "वाचवा" म्हणत नाही. अमेरिकेतले जीवरक्षक फ्रान्सेस्को पिया यांनी या अवस्थेचं बारकाईनं निरीक्षण करून तिचं वर्णन केलं आहे: श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, तर ओरडायला कुठून पुरणार. हात आपोआप बाजूला दाबले जातात, अंग उभं राहतं, पायांची मार थांबते. ही अवस्था 20 ते 60 सेकंद टिकते, मग माणूस पाण्याखाली जातो. चालकांची मार अजून पूर्ण थांबली नव्हती, त्यांना आवाज ऐकू येत होता, म्हणून ओरडण्याचा उपयोग झाला. आणखी अर्ध्या मिनिटानं कदाचित झाला नसता.

दुसरा निर्णय, मागून उडी न मारण्याचा. तो अवघड असतो, कारण थांबलेला माणूस भेकड दिसतो. पण त्या पाण्यात दुसऱ्याचंही तेच झालं असतं, आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल त्यावर चढतो.

ओरडून सांगितलेले शब्दही नेमके होते. "काळजी घ्या" किंवा "लवकर या" असं काही नाही. एका वेळी एकच काम. पहिलं काम बोट सोडणं, कारण हातातली वस्तू माणूस घाबरला की जास्तच घट्ट धरतो. मग पाठीवर होणं: डोकं मागे, कान पाण्यात, तळवे हळूहळू हलवायचे, पाय खाली गेले तरी जाऊ द्यायचे, श्वास सावरेपर्यंत कुठेही जायचं नाही. ब्रिटनमधली आरएनएलआय ही सागरी बचाव संस्था लोकांना सर्वात आधी हेच शिकवते. आणि शेवटी वाऱ्याबरोबर जाणं. पलीकडचा काठ अंतरानं लांबच होता, निघालेला काठ जवळ. तरी लांबचाच सोपा ठरला, कारण तिकडे जाताना लाटा तोंडावर येत नव्हत्या.

दोरी लागली ती नशिबानं. गाडीत पडलेली दोरी पॉलिप्रॉपिलीनची होती, ती तरंगते. नायलॉनची असती तर फेक थोडी चुकल्यावर पाण्यात बुडून वनस्पतींत अडकली असती.

बोटीपाशी झालेली इजा

प्रोपेलरचा प्रकार वेगळा काढून पाहण्यासारखा आहे, कारण तो कोरड्या जमिनीवरही घडतो. बंद पडलेली बोट मेलेली नसते. ईएससी थंड होतो, सिग्नल परत येतो, आणि मोटर पुन्हा तयार असते. पाण्यात उतरलेल्या माणसाचा हात प्रोपेलरजवळ असताना रिमोट अशा माणसाकडे हवा, ज्याला "काहीही करायचं नाही" एवढंच काम दिलेलं आहे. रिमोटवर थ्रॉटल कटचं बटण असेल तर ते दाबलेलं. पिस्तुली रिमोट गवतात ठेवणंही बरं नाही, ट्रिगर दाबला जातो. आणि बोटीची बॅटरी सुटेपर्यंत रिमोट बंद करायचा नाही, कारण फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबवणारी सोय, नीट लावलेला नसेल तर सिग्नल गेल्यावर मोटर काय करेल याचा भरवसा नाही.

फेलसेफ तपासायला मिनिट पुरतं. बोट स्टँडवर ठेवायची, थोडं थ्रॉटल द्यायचं, हात प्रोपेलरपासून लांब, आणि रिमोट बंद करायचा. मोटर थांबली पाहिजे. अनेकांनी रिसीव्हर जोडल्यापासून हे एकदाही केलेलं नसतं. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे बोटीतली अँटेना पाण्याच्या पातळीला टेकली की सिग्नलचा पल्ला घटतो, आणि मग हीच तपासणी कामाला येते.

भिजलेल्या लायपोबद्दल एकच: ती लगेच चार्जिंगला लावायची नाही. उघड्यावर, पेट घेईल असं काही जवळ नसेल तिथे ठेवून नजर ठेवायची. पॅक फुगला किंवा कोमट लागला तर तो बादच.

काय काय हाताशी होतं

त्या काठावर त्या दुपारी एक मासेमारीची रॉड होती, दोरी होती, बांबू होता, आणि दुसऱ्याची टग बोट, म्हणजे इतर बोटींना ढकलू शकणारी रिमोटचीच बोट, चार्ज करून तयार होती. यातलं काहीही आधी वापरलं गेलं नाही, कारण शोधायच्या आधीच बूट निघाले होते.

मला विचाराल तर पहिला उपाय थांबणं हाच होता. 90 मीटर उरलेलं अंतर, मिनिटाला 6 मीटर, म्हणजे पंधरा मिनिटं. वनस्पतींनी थोडं अडवलं म्हणून अर्धा तास लागला, इतकंच. छंदातल्या लोकांना हा उपाय आवडत नाही, त्यात काही करण्यासारखं नसतं. पण बोटीवर नजर ठेवत पलीकडच्या काठावर चालत जाणं हेही कामच आहे.

बोट जिथे टेकणार तिथून रॉड वापरता येते. तंगुसाच्या टोकाला टेनिसचा चेंडू बांधायचा आणि बोटीवर नेम न धरता तिच्या पलीकडे टाकायचा, तंगूस बोटीवर आडवा पडेल असा. मग अगदी सावकाश गुंडाळायचा. रडर (सुकाणू), अँटेना किंवा प्रोपेलरवरचा गुंडाळाच चेंडूला अडकतो. घाईनं ओढलं की तंगूस नुसता घसरून येतो. पाणी अरुंद असेल तर दोघांनी दोन काठांवरून लांब दोरी धरून चालत यायचं, दोरी बोटीला आपोआप ढकलत आणते.

टग बोट पुढे फोमचा रुंद काटा लावून बंद बोट ढकलू शकते. उघड्या पाण्यात हे उत्तम. या तलावात मात्र तीही त्याच वनस्पतींत अडकण्याची शक्यता मोठी होती. दोन बोटी अडकल्या की पाण्यात उतरण्याचा मोह दुप्पट होतो.

आणि कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी. ज्या गटांत हे प्रकरण चर्चेला येतं तिथे शेवटी वाद कयाकवरच होतो: एक कायम काठावर ठेवली की प्रश्न मिटेल, असं निम्म्यांचं म्हणणं. मला ते तितकं सोपं वाटत नाही. कयाक उलटते ती नेमकी बोट उचलायला बाजूला वाकल्यावर, आणि मग माणूस पुन्हा त्याच 13 अंशांत, तेही एकदम. ठेवायची तर तीन अटींवर. लाइफ जॅकेट अंगात, बंद बांधलेले, बसायच्या आधी. 50 न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप) जॅकेट शुद्धीवर असलेल्या पोहणाऱ्याला आधार देतं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवत नाही. त्यासाठी 100 किंवा 150 न्यूटनचं लागतं. दुसरं, बोट उचलायची नाही, काठीच्या आकड्यानं फासात घेऊन मागे बांधून ओढत आणायची. तिसरं, कयाकवाला एकटा जाणार नाही, काठावर दोरी हातात धरलेला दुसरा माणूस तो परत येईपर्यंत दुसरं काही करणार नाही. बांध किंवा सांडवा जवळ असेल तर तीही नको. सांडव्याखाली पाणी स्वतःभोवती फिरतं आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा आत ओढतं, जॅकेट घातलेला माणूसही. तिथे गेलेली बोट गेली असं समजायचं.